बोडीत मुरी टिकत नाही: कारण कोणत्या महिन्यात शोधायचं

धानपट्ट्यातली ही तक्रार ठरलेली आहे. मृगाच्या पाण्यावर बोडीत (शेताला पाणी देणाऱ्या छोट्या तळ्यात) तळाला राहणाऱ्या या छोट्या माशाच्या, मुरीच्या, शे-दीडशे मुऱ्या सोडल्या, पोळ्यापर्यंत जाळीत येत राहिल्या, दुसऱ्या वर्षी कमी दिसल्या आणि तिसऱ्या वर्षी गाळ चाळून काढला तरी एक मिळाली नाही. मग पुन्हा नाल्यातून आणायच्या, पुन्हा सोडायच्या, पुन्हा तेच. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या खालच्या बोड्यांमध्ये हे सारखं घडतं. मुरी ज्या महिन्यात दिसेनाशी झाली त्याच महिन्याला बहुतेक जण दोष देतात. उन्हाळ्यात दिसली नाही, म्हणजे उन्हानं मेली.

तिथेच शोध चुकतो. मुरी कमी आयुष्याचा मासा आहे, साधारण दोन-तीन वर्षांचा. एका पावसाळ्यात जन्मलेली मुरी पुढच्या पावसाळ्यात अंडी घालायला तयार होते. एखाद्या वर्षी पैदास पूर्ण बुडाली तरी बोडीत जुन्या मुऱ्या फिरतच असतात, त्यामुळे सगळं ठीक चाललंय असं वाटतं. त्या म्हाताऱ्या होऊन संपल्या की बोडी रिकामी दिसते. नुकसान झालेलं असतं त्याच्या वर्ष-दीड वर्ष आधी, बहुतेकदा आषाढ-श्रावणात. म्हणून आधी कोणती पिढी गायब आहे ते पाहायचं आणि मग कारणाकडे जायचं.

आधी आकार मोजा

हे काम दसरा ते दिवाळीच्या दरम्यान करा. तेव्हा पाणी बऱ्यापैकी निवळलेलं असतं आणि त्या वर्षीची पिल्लं ओळखू येण्याइतकी मोठी झालेली असतात. सामान थोडंच लागतं: दोन बांबूंना बांधलेला बारीक आसाचा (३-४ मि.मी.) दीड मीटर जाळीचा तुकडा, रेती चाळायची चाळणी, दोन घमेली, एक पांढरी ताटली आणि पट्टी.

दिवसा मुरी गाळात किंवा रेतीत डोकं तेवढं बाहेर ठेवून पडून असते. त्यामुळे भर दुपारी नुसतं जाळं ओढून "मुरी नाही" असं ठरवू नका. दिवस मावळताना जा. काठाला, गुडघाभर पाण्यात, किमान पाच ठिकाणी जाळी तळाला टेकवून दोन-तीन पावलं ढकला. त्याच जागेवरचा वरचा चार बोटं गाळ घमेल्यात घ्या आणि पाणी ओतत चाळणीतून गाळा. जे सापडेल ते ओल्या ताटलीवर ठेवून तोंडापासून शेपटीपर्यंत मोजा आणि लगेच परत सोडा. हात ओले असू द्या. मुरीचे खवले इतके बारीक असतात की कातडी उघडीच असल्यासारखी असते, आणि कोरड्या हातानं तिच्यावरचा बुळबुळीत थर निघून जातो.

ठीक चाललेल्या बोडीत दोन आकार मिळतात: चार सें.मी.च्या आसपासची या वर्षीची पिल्लं आणि सहा सें.मी.च्या पुढची जुनी मुरी. फक्त मोठ्या मिळाल्या तर यंदाची पैदास बुडाली आहे. कारण जून ते ऑगस्टमध्ये शोधा. फक्त लहान मिळाल्या तर पैदास होतेय, पण मोठ्या मुऱ्या उन्हाळा काढू शकत नाहीत किंवा अंडी घालून झाल्यावर कुणीतरी त्या काढून नेतंय. दोन्ही नाहीत तर तीनच शक्यता उरतात: विष, पूर्ण आटलेली बोडी, किंवा मुळात चुकीची मुरी सोडली गेली.

कोणती मुरी सोडली होती?

आपल्याकडे तळाला राहणाऱ्या दोन वेगळ्या कुळांच्या माशांना सरसकट मुरी म्हणतात. बोडीत टिकते ती गाळातली मुरी, शास्त्रीय नाव लेपिडोसेफॅलिक्थिस. तिच्या डोळ्याखाली कातडीच्या घडीत दुटोकी काटा असतो. ओल्या बोटाचं टोक शेपटीकडून डोळ्याकडे हलकेच नेलं की तो बोटाला लागतो. कापडी जाळ्यात मुरी अडकून बसते ती याच काट्यामुळे, आणि ओढून काढली की डोळ्याजवळ जखम होते. तिला जाळ्यासकट पाण्यात बुडवा, ती स्वतः काटा मिटून निसटते. दुसरी खूण म्हणजे शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूला असलेला काळा ठिपका.

दुसरी मुरी नाल्यातली, गोटे आणि खळाळतं पाणी असलेल्या जागची. तिच्या अंगावर बहुधा उभे पट्टे असतात आणि डोळ्याखाली काटा नसतो. ही नेमॅकायलस कुळातली. तिला वाहतं, थंड, प्राणवायूनं भरलेलं पाणी लागतं. बोडीत सोडल्यावर पावसाळाभर ती दिसते आणि पाणी साचून गरम झालं की संपते. नाल्यातून आणलेल्या मुऱ्या ऑक्टोबरच्या उकाड्यात एकदम गेल्या असतील तर बोडीत दोष शोधत बसू नका. काटा बघून निवडून आणा.

उन्हाळा: आटणारं पाणी आणि उपसला जाणारा गाळ

गाळातल्या मुरीला निसर्गानं एक मोठी सोय दिली आहे. ती कल्ल्यांबरोबर आतड्यानंही श्वास घेते. तळावरून सरळ वर येते, हवेचा घोट घेते आणि तीरासारखी खाली जाते. जाता जाता वापरलेल्या हवेचा बुडबुडा मागच्या बाजूनं सोडते. अधूनमधून असं होत असेल तर काळजी नाही. पण पहाटे बऱ्याच मुऱ्या तोंड पाण्याबाहेर ठेवून काठाला लोंबकळत असतील तर पाण्यात प्राणवायू जवळजवळ उरलेला नाही. नुसत्या हवेवर त्या फार दिवस तग धरत नाहीत. तेव्हा ताजं पाणी सोडा. बोअरचं असेल तर उंचावरून गोट्यांवर आपटत सोडा, कारण जमिनीतून आलेल्या पाण्यात प्राणवायू नसल्यातच जमा असतो.

नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, उथळ बोडीचं पाणी दुपारी अंघोळीच्या पाण्याइतकं तापतं. मुरी गाळात शिरते, आणि गाळ ओला व मऊ असेल तर त्यात काही काळ जगते. गाळाला भेगा पडल्या की खेळ संपला. उपाय सोपा आहे आणि एकदाच करावा लागतो. बोडीच्या सगळ्यात खोल कोपऱ्यात ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद, तळापासून १ मीटर खोल खड्डा काढा. तळाला एक वीत मऊ गाळ राहू द्या आणि एका बाजूला घमेलं-दोन घमेली धुतलेली बारीक रेती टाका. मे अखेरीस या खड्ड्यात किमान ६० सें.मी. पाणी राहिलं पाहिजे. बाकी बोडी आटली तरी चालेल. खड्ड्याच्या निम्म्या भागावर बांबूचा मांडव घालून त्यावर पळसाच्या फांद्या टाका. सावली पाण्याच्या वर हवी. तणीस (धानाचा पेंढा) किंवा पाला पाण्यातच टाकला तर तो कुजतो आणि उरलेला प्राणवायूही खातो. खड्ड्यात म्हशी बसू देऊ नका, त्यासाठी काठाला काटेरी कुंपण पुरतं.

यापेक्षा मोठं नुकसान होतं गाळ काढण्यात. धरण-तलावातला गाळ शेतात नेण्याची योजना २०१७ मध्ये सुरू झाली, शेताला त्याचा फायदाही होतो, पण काम होतं एप्रिल-मेमध्ये आणि जेसीबीनं. त्याच दिवसांत बोडीतल्या सगळ्या मोठ्या मुऱ्या त्या ओल्या गाळात असतात. गाळाबरोबर त्या ट्रॉलीत चढतात आणि शेतात वाळून मरतात. गाळ काढायचाच असेल तर एका वर्षी अर्धी बोडी काढा, उरलेली पुढच्या वर्षी. सगळ्यात ओला कोपरा शेवटपर्यंत हलवू नका. पहिल्या चार-पाच बकेटमधला गाळ काठावर पसरून दहा मिनिटं बघा. वळवळ दिसली तर ती जागा सोडा.

चढण आणि अंडी: पैदास बहुतेकदा इथेच बुडते

पहिल्या दमदार पावसानं पाणी थंड होतं, काठचं गवत बुडतं, आणि मुरी काठाकडे किंवा येणाऱ्या पाण्याच्या दिशेनं चढू लागते. अंडी तिला उथळ जागी, १५ ते ४० सें.मी. पाण्यात, नव्यानं बुडालेल्या गवतात घालायची असतात. ती अंडी किंचित चिकट असतात. काही गवताच्या मुळांना लागतात, काही तळाला पडतात. उबदार पाण्यात एक-दीड दिवसात पिल्लं बाहेर येतात, पण पुढचे दोन-तीन दिवस ती पोटाच्या पिशवीतल्या अन्नावर तिथेच पडून राहतात, पळू शकत नाहीत. या कुळातल्या काही माशांच्या पिल्लांना सुरुवातीला कल्ल्यांचे धागे बाहेर लोंबणारे असतात, कारण अशा उथळ, कोंडलेल्या पाण्यात प्राणवायू कमी पडतो. यावरून ती जागा किती नाजूक असते ते कळेल.

अंडी घातल्यापासून सुमारे पाच दिवस पाण्याची पातळी हलू नये, एवढीच मुरीची मागणी आहे, आणि नेमकी तीच पुरी होत नाही. कारण हेच रोवणीचे दिवस असतात. पावसात आठ-दहा दिवसांचा खंड पडला की बोडीवर इंजिन बसतं, पाणी बांध्यांत (धानाच्या शेतांत) जातं आणि पातळी एका रात्रीत हातभर उतरते. काठचं गवत उघडं पडतं, अंडी वाळतात. मोठ्या मुऱ्यांना काही होत नाही, त्या खोल पाण्यात सरकतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. जाळीत फक्त मोठ्या मुऱ्या मिळाल्या असतील तर सगळ्यात आधी इंजिन किती दिवस आणि कोणत्या दिवसांत चाललं ते आठवा.

रोवणी थांबवता येत नाही, हे उघड आहे. म्हणून काठाचा एक पट्टा वेगळा राखायचा. पाणी येतं त्या बाजूला १० मीटर लांब, २ मीटर रुंद उथळ पट्टा घ्या. बोडीच्या बाजूनं त्याला मातीचा ४० सें.मी. उंच बांध घाला आणि बांधात अर्धा मीटर रुंदीचं एकच तोंड ठेवा. पट्ट्यात गवत तसंच ठेवा, थोडं हायड्रिला आणि देवधान लावा. बेशरम मात्र मुळासकट काढा. मृगापासून तोंड उघडं असू द्या. इंजिन लावायच्या आधी ते ओल्या मातीनं बंद करा, म्हणजे बोडी उतरली तरी पट्ट्यात २० सें.मी. पाणी राहतं. पट्ट्याचं पाणी झिरपून कमी होत असेल तर दोन-तीन बादल्या रोज टाका. आठवड्यानं पुन्हा उघडा.

इंजिनच्या सक्शनचीही काळजी घ्या. फुटव्हॉल्व्हवर (पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाच्या झडपेवर) मच्छरदाणी गुंडाळली तर ती लगेच चोंदते आणि पिल्लं तिलाच चिकटून मरतात. त्याऐवजी मोठी बांबूची टोपली घ्या, तिला बाहेरून मच्छरदाणी शिवा आणि फुटव्हॉल्व्ह टोपलीच्या मधोमध टांगा. जाळीचं क्षेत्र जितकं मोठं, तितकी ओढ कमी.

पाणी येण्याच्या जागी पाइप काठापासून हातभर उंच लटकत असेल तर चढणीची मुरी तिथेच अडकते. ती ओल्या उतारावरून चढते, पण तिला उडी मारता येत नाही. पाइपाखाली गोटे आणि रेतीचा मंद उतार करा, लांबी उंचीच्या चौपट. त्यावरून तीन-चार बोटं पाण्याचा थर वाहिला तरी पुरे. पहिल्या पाण्याला तोंडावर जाळी किंवा बांबूचे सापळे लावायची सवय गावागावांत आहे. पोटात अंडी असलेल्या माद्या त्यातच जातात. हे गावाच्या समितीत किंवा मासेमारांच्या संस्थेत बसूनच ठरवावं लागेल: मृग आणि आर्द्रा या दोन नक्षत्रांत तोंडावर सापळा नाही.

पिल्लं टाकीत वाढवायची असतील तर

बोडीत मरळ, चतुराच्या अळ्या आणि पाणढेकूण फार असतील तर पहिला महिना टाकीत काढलेला बरा. सिमेंटची २ × १ मीटरची टाकी, पाणी २० सें.मी., म्हणजे सुमारे ४०० लिटर. नवी टाकी असेल तर पाणी भरून तीन-चार वेळा बदला, नाहीतर सिमेंटचा क्षार मारतो.

नर-मादी ओळखणं अवघड नाही. ओल्या ताटलीवर मुरी ठेवून पुढच्या जोडपंखाकडे, कल्ल्याच्या मागे, बघा. नराच्या पंखाच्या आतल्या कडेचे काटे जाड, ताठ, एकत्र जुळलेले असतात. मादीचा पंख सगळीकडे सारखा पातळ असतो, अंग मोठं असतं आणि जूनमध्ये पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं दिसतं. टाकीत १० माद्या आणि २० नर पुरेत, कारण एका मादीची अंडी हजारांत असतात. काथ्याचे झुबके किंवा धुतलेली गवताची मुळं तळाला पसरा. संध्याकाळी टाकीत पावसाचं किंवा रात्रभर ठेवलेलं ताजं, दोन-तीन अंशांनी थंड पाणी छिद्राच्या पाइपानं दोन तास शिंपडा आणि पातळी १० सें.मी. वाढवा. माद्या तयार असतील तर सकाळी अंडी दिसतात. दिसली की मोठ्या मुऱ्या लगेच काढा, त्या स्वतःची अंडी खातात. पांढरी पडलेली अंडी ड्रॉपरनं वेचा, नाहीतर बुरशी शेजारच्या अंड्यांवर चढते.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: पिल्लं चौथ्या-पाचव्या दिवशी का मरतात? कारणं दोन आहेत आणि ती वेगळी ओळखता येतात.

भुकेनं मरणारी पिल्लं हळूहळू, दोन-तीन दिवसांत मरतात. डोकं मोठं, पोट आत गेलेलं, तळाला आडवी. तिसऱ्या दिवसाच्या अखेरीस पोटाची पिशवी संपते, आणि त्या क्षणी तोंडात मावेल एवढं बारीक जिवंत खाणं पाण्यात असावंच लागतं. ते आधी तयार ठेवा. अंडी घ्यायच्या चार-पाच दिवस आधी एका मडक्यात बोडीचं पाणी आणि मूठभर सुकी तणीस टाकून सावलीत ठेवा. पाणी आधी गढूळ होतं, वास येतो, मग निवळायला लागतं आणि उजेडात धरलं की बारीक पांढरी धूळ हलताना दिसते. ती धूळ म्हणजेच सूक्ष्म जीव. दिवसाला अर्धा-एक लिटर, तीन वेळा विभागून टाकीत घाला. जोडीला उकडलेल्या अंड्याच्या पिवळ्या बलकाचा चौथा भाग बारीक कापडातून पाण्यात पिळून दिवसभरात चार वेळा द्या. सहाव्या-सातव्या दिवसापासून शेणपाण्यावर वाढवलेले पाणपिसू गाळून द्या.

दुसरं कारण म्हणजे अमोनिया. संध्याकाळी सगळी पिल्लं चांगली आणि सकाळी सगळी मेलेली, पाणी दुधाळ, वास मारणारं. हे जास्त बलक घातल्यानं होतं. रोज सकाळी तळाची घाण बारीक नळीनं ओढा आणि पाचवा भाग पाणी त्याच तापमानाच्या पाण्यानं बदला. दर चौरस मीटरला सुरुवातीला २०० पिल्लांच्या पुढे जाऊ नका. जास्तीची पिल्लं काठच्या पट्ट्यात सोडा.

दोन आठवड्यांनी तळाला धुतलेल्या बारीक रेतीचा एक सें.मी. थर द्या, पिल्लं लगेच त्यात शिरायला बघतात. क्रशरची चुरी वापरू नका, तिच्या धारेनं मिशा झिजतात आणि अन्न शोधणं बंद पडतं. महिन्याभरात दोन सें.मी.च्या पुढे गेली की बोडीत सोडा, संध्याकाळी, पाण्याचं तापमान मिळवून. औषध द्यायची वेळ आलीच तर इतर माशांच्या निम्मी मात्रा. तांबं असलेली औषधं टाळाच.

विष: मोहाची पेंड, तणनाशक, फवारणी

मोठ्या आणि लहान दोन्ही मुऱ्या एकदम गेल्या असतील तर कार्पची (कटला, रोहू अशा माशांची) बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडायच्या आधी बोडी "साफ" केली होती का, ते विचारा. नको असलेले मासे मारायला मोहाची पेंड सांगितली जाते: हेक्टरी सुमारे २,५०० किलो, म्हणजे मीटरभर पाण्याच्या १० आरच्या बोडीला २५० किलो. पेंडीतलं सॅपोनिन कल्ल्यांवर काम करतं आणि असर दोन-तीन आठवडे राहतो. या हिशेबात मुरीही नको असलेलीच धरलेली असते. ब्लीचिंग पावडरचंही तेच. मुरी हवी असेल तर पेंड टाकायच्या आधी जाळी आणि चाळणी लावून निघतील तेवढ्या काढा आणि तीन आठवडे टाकीत ठेवा. परत सोडायच्या आधी कापडी पिंजऱ्यात पाच-सहा छोटे मासे २४ तास बोडीत ठेवून बघा. ते जगले तरच मुरी सोडा.

पाणकिडे मारायला तेल-साबणाचं मिश्रण (१ आरला ५६० ग्रॅम तेल, १८० ग्रॅम साबण) सांगतात. त्याचा तवंग पाण्यावर बसतो आणि वर हवा घ्यायला येणारे किडे गुदमरतात. मुरीही वर हवा घ्यायला येते. मोठ्या मुऱ्या असलेल्या बोडीत हे वापरू नका.

चुना घालायचा तो मृगाच्या आधी. १० आरला २० ते २५ किलो विरलेला चुना पुरे होतो. तो आटलेल्या उघड्या तळावर पसरा, मुऱ्या असलेल्या खड्ड्यापासून चार हात लांब. कळीचा चुना पाण्यात टाकला की तळाशी बसतो आणि तळाला राहणाऱ्या माशालाच आधी भाजतो.

धानाच्या बांधीतून येणारं पाणी हे जास्त वारंवार घडणारं आणि कमी लक्षात येणारं कारण. रोवणीनंतर पहिल्या आठवड्यात ब्युटाक्लोर, प्रेटिलाक्लोरसारखी तणनाशकं पडतात, आणि तेव्हाच काठच्या पट्ट्यात पिल्लं असतात. तणनाशक टाकल्यावर किमान सात दिवस त्या बांधीचं पाणी बोडीत उतरू देऊ नका. धुऱ्याचं (बांधीच्या बांधाचं) तोंड बंद ठेवा आणि जोराचा पाऊस आला तर पाणी दुसऱ्या बाजूनं काढा. पुढे खोडकिडा आणि तुडतुड्यांवर फवारणी होते. सायपरमेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन या जातीची औषधं माशांना अगदी थोड्या मात्रेतही मारतात. फवारणीचा पंप बोडीत धुणं हे एकच काम काठच्या पिल्लांची एक पिढी संपवायला पुरेसं आहे. पंप धुवायला बोडीपासून दूर खड्डा करा. विषानं मेलेली मुरी ओळखायची खूण अशी: मरायच्या आधी ती गाळातून बाहेर येते, भर दिवसा वेडीवाकडी पोहते, आणि बरोबर झिंगे व पाणकिडेही मरतात. प्राणवायूच्या कमतरतेनं सहसा मोठे मासे आधी जातात, पहाटे, आणि किडे जिवंत राहतात.

बरोबर कोणते मासे

कटला वरच्या थरातला, रोहू मधल्या थरातला. यांच्यापासून मुरीला फारसा त्रास नाही. सायप्रिनस (कॉमन कार्प) तळ उकरतो, अंडी आणि अळ्या दोन्ही खातो आणि पाणी कायम गढूळ ठेवतो. गवत्या (ग्रास कार्प) हायड्रिला फस्त करतो, म्हणजे मुरीचा आडोसाच नाहीसा. या दोघांपैकी एकही बोडीत असेल तर काठचा पट्टा बारीक जाळीनं वेगळा करा किंवा मुरीचा नाद सोडा. थाई मागूर तर बंदी असलेलाच मासा आहे. तो बोडीत शिरला असेल तर सगळं पाणी काढून त्याला संपवल्याशिवाय काहीच टिकणार नाही.

प्लास्टिकचं अस्तर असलेल्या शेततळ्यात मुरी टिकत नाही, कारण शिरायला तळच नसतो. हौस म्हणून थोड्या ठेवायच्या तर १० सें.मी. रेती भरलेली दहा-बारा घमेली तळाला ठेवा आणि वर बाहेर यायला एखादा खडबडीत उतार सोडा. पैदास तिथे होईल अशी आशा ठेवू नका.

परतीची वाट

पावसाळ्यात बरीच पिल्लं बोडीतून बांध्यांत पसरतात. तिथे पाणी उथळ, उबदार, खाणं भरपूर. हलका धान कापणीला आला की बांधीचं पाणी काढलं जातं, आणि तेव्हा पिल्लांना बोडीत परतायला वाट नसेल तर ती डबक्यांत अडकून वाळतात. बांधीत पिल्लं भरपूर आणि बोडीत कमी, असं मोजणीत निघालं तर हेच कारण आहे.

बांधीच्या सखल कोपऱ्यापासून बोडीपर्यंत ३० सें.मी. खोल, तेवढाच रुंद दांड (पाण्याचा चर) काढा. तोंड संध्याकाळी उघडा. मुरी रात्री फिरते, रात्रभरात पाण्याबरोबर उतरते. सकाळी तोंड निम्मं बंद करा, पुन्हा संध्याकाळी उघडा. दोन-तीन रात्रींत पाणी उतरवा, एकदम धुरा फोडू नका. तिसऱ्या दिवशी उजाडताच, बगळे उतरायच्या आत, बांधीतली डबकी बघा. डबक्यातलं पाणी आणि वरचा गाळ घमेल्यानं उचला, चाळणीतून गाळा आणि निघालेली पिल्लं बादलीत थोड्याच पाण्यात न्या. बादली काठोकाठ भरून झाकण लावू नका, हवा घ्यायला त्यांना वर मोकळी जागा लागते. बोडीच्या सावलीच्या बाजूला बादली दहा-पंधरा मिनिटं पाण्यात टेकवून ठेवा आणि मग तिरपी करा.